जुन्या विमानाची किंमत सर्वांत शेवटी विचारावी

प्रति,
मा. संपादक,
यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

छत्रपती संभाजीनगर आणि जालना येथील उद्योजकांनी एकत्र येऊन कामाच्या प्रवासासाठी एखादे वापरलेले, दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारे, विमान घ्यावे, अशी चर्चा अलीकडे आपल्या भागात पुन्हा सुरू झाली आहे. मी ती जेथे जेथे ऐकली, तेथे तिचे दोनच सूर होते. दुष्काळी मुलखात विमाने कसली घेता, असे एक बाजू म्हणते. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या एखाद्या मोठ्या फ्लॅटच्या किमतीत अख्खे विमान मिळत असेल तर घ्यायला काय हरकत आहे, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू किमतीवरच बोलतात. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे अशाच विमानांच्या देखभालीत, विमान देखभाल अभियंता म्हणून गेली. त्या अनुभवावरून मला ठामपणे सांगावेसे वाटते की, वापरलेल्या विमानाची किंमत हा सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याचे कागद पूर्ण आहेत का, ते कोणत्या परवान्यावर उडणार, ते कोठे उभे राहणार आणि त्याची देखभाल कोण करणार, याची उत्तरे लेखी हातात येईपर्यंत विसारसुद्धा देऊ नये.

गरज खरी आहे, हे आधीच मान्य करतो. केवळ मुंबईसाठी कोणी विमान घेणार असेल, तर मात्र त्याने ते घेऊ नये. मुंबईला रेल्वे आहे, रोजची विमाने आहेत, आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्गही पूर्ण झाला आहे. शिवाय मुंबई विमानतळावर गर्दीच्या तासांत अशा लहान विमानांना मज्जाव असतो आणि उभे करण्यासाठी जागा मिळवणे हे स्वतंत्र कामच होऊन बसते. खरी अडचण आडव्या मार्गांची आहे. जालन्याच्या पोलाद कारखानदाराला रायपूरला जायचे असते, वाळूजच्या सुट्या भागांच्या उत्पादकाला राजकोट, कोइम्बतूर किंवा जमशेदपूर गाठायचे असते, आणि या प्रवासांसाठी आधी मुंबई, हैदराबाद किंवा दिल्ली गाठून दुसरे विमान धरावे लागते. म्हणजे दोन तासांच्या बैठकीसाठी दोन दिवस मोडतात. चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावरून, रायपूर हवाई मार्गाने पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे, राजकोट साडेपाचशेच्या आत, कोइम्बतूर सुमारे हजार आणि जमशेदपूर साडेअकराशेच्या थोडे पुढे. ताशी पाचशे किलोमीटर वेगाच्या विमानाने यांतील प्रत्येक ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. लातूर आणि नांदेड येथे धावपट्ट्या असूनही नियमित सेवेचा भरवसा ज्यांना कधीच नीट मिळाला नाही, त्या उद्योजकांना ही सोय आणखी मोलाची वाटेल.

या अंतरांसाठी जेटपेक्षा टर्बोप्रॉप बरे, हे त्यांच्या सल्लागारांनी योग्यच सांगितले असावे. सहाशे-सातशे किलोमीटरच्या प्रवासात लहान जेट फार तर पंधरा-वीस मिनिटे वाचवते, पण त्यासाठी इंधन जास्त जाळते आणि धावपट्टीही लांब मागते. जमशेदपूरच्या सोनारीसारख्या आखूड धावपट्टीवर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे या वर्गात सर्वाधिक नाव घेतले जाते ते बीचक्राफ्टच्या किंग एअरचे. त्यातले 200 हे मॉडेल 1974 पासून ग्राहकांना मिळू लागले आणि त्याची सुधारलेली बी-200 ही आवृत्ती 1981 मध्ये आली. बी-200 वर प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाची पीटी-6 ए-42 ही, प्रत्येकी 850 अश्वशक्तीची दोन इंजिने असतात, त्याचे उड्डाणाचे कमाल वजन 5,670 किलो आहे आणि दोन्ही इंजिने मिळून ताशी साधारण चारशे लिटर इंधन पितात. सात-आठ माणसे त्यात नीट बसतात. पीटी-6 इंजिनात प्रोपेलर फिरवणारी टर्बाइन आणि कॉम्प्रेसर फिरवणारी टर्बाइन एकमेकींना जोडलेल्या नसतात, त्यामुळे सुरू करताना इंजिनावर ताण कमी येतो आणि पुढचा भाग सोडवून आतली तपासणी विमानावरच करता येते. हे इंजिन जगभर टिकले त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे.

पण इंजिन चांगले आहे याचा अर्थ समोरचे विमान चांगले आहे असा होत नाही.

चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंचीवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर गेला की हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या पंखांना आणि इंजिनांना ती उंची साडेपाच हजार फुटांच्या घरात असल्यासारखी वाटते. मग धाव लांबते, चढण्याचा वेग घटतो आणि एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर विमान किती चढेल, हे वजनावर अवलंबून राहते. 26 एप्रिल 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 भर दुपारी चिकलठाण्याहून उडताना धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले आणि 55 जण दगावले. विमान उशिरा उचलले गेल्याचा आणि रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचा ठपका चौकशीत ठेवण्यात आला. ते विमान मोठे होते, त्याची कारणे वेगळी होती. परंतु या शहरातील कोणाही माणसाला वजन, तापमान आणि धावपट्टी यांचा हिशेब केवळ कागदी वाटू नये, असे मला मनापासून वाटते. दोन इंजिने आहेत म्हणून विमान आपोआप सुरक्षित होत नाही. बी-200 वर इंजिन बंद पडल्यास त्या बाजूच्या प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर वळवणारी ऑटोफेदर यंत्रणा असते आणि विमान एका अंगाला वळू लागताच रडरला, म्हणजे शेपटीवरील सुकाणूला, जोर देणारी यंत्रणाही असते. उडण्याच्या क्षणी या दोन्ही चालू आणि तपासलेल्या नसतील, तर दुसऱ्या इंजिनाचा जोरच विमान उलथवू शकतो. म्हणूनच उन्हाळ्यात दुपारी आठ माणसे आणि पूर्ण टाकी, हा बेत या धावपट्टीवरून बसतो का, हे खरेदीपूर्वी उड्डाण-क्षमतेच्या तक्त्यांवरून तपासून घ्यावे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकडे बहुधा समुद्रसपाटीवरचे आणि 15 अंश तापमानाचे असतात.

आता कागदांकडे वळतो, कारण माझ्या मते विमान म्हणजे निम्मे धातूचे आणि निम्मे कागदाचे असते. विमानाच्या सांगाड्याचे, दोन्ही इंजिनांचे आणि दोन्ही प्रोपेलरांचे असे प्रत्येकाचे स्वतंत्र लॉगबुक असते. विमान कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून आजपर्यंतच्या नोंदी त्यांत सलग असल्या पाहिजेत. इंजिनातील कॉम्प्रेसरच्या आणि टर्बाइनच्या चकत्या ठरावीक आवर्तनांनंतर, म्हणजे सुरू करून बंद करण्याच्या ठरावीक फेऱ्यांनंतर, बाद कराव्याच लागतात. त्या बाहेरून कितीही चकचकीत दिसल्या तरी त्यांना मुदतवाढ नसते. ज्या चकतीच्या जन्मापासूनच्या फेऱ्या कागदावर दाखवता येत नाहीत, ती चकती नियमाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, आणि एका हरवलेल्या वहीमुळे लाखो रुपयांचा सुस्थितीतला भाग भंगारात जातो. परदेशातील एका विमानाची कागदपत्रे मी एका खरेदीदारासाठी पाहिली होती. विमान सुंदर रंगवलेले होते आणि आसनांचे चामडे नवे होते. परंतु डाव्या प्रोपेलरच्या वहीत तीन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. शाईचा रंग पानागणिक जरासुद्धा बदलला नव्हता आणि एकाही पानाच्या कडेला ग्रीसचा डाग नव्हता. हँगरमधल्या वहीला डाग पडतातच. जुनी वही पाण्यात भिजली म्हणून नोंदी नव्याने उतरवल्या, असे विक्रेत्याच्या माणसाने सांगितले. उतरवलेल्या नोंदींखाली मूळ काम करणाऱ्या कार्यशाळेचा दाखला मागितला तेव्हा तो मिळाला नाही. खरेदीदाराने माघार घेतली आणि त्याने ते योग्यच केले, असे मी आजही मानतो.

तासांचा हिशेबही असाच बारकाईने वाचावा लागतो. बी-200 च्या इंजिनांना साधारणपणे 3,600 तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उकलून दुरुस्ती, आणि मध्ये 1,800 तासांनी हॉट सेक्शनची, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइन या सर्वाधिक तापणाऱ्या भागाची तपासणी असते. ओव्हरहॉलनंतर 3,000 तास झालेली इंजिने असलेले विमान जाहिरातीत स्वस्त दिसते. पण त्यांत 600 तासच उरलेले असतात. वर्षाला 300 तास उडवले तर दोन वर्षांत दोन्ही इंजिने उतरवावी लागतील, आणि जुन्या विमानाच्या बाबतीत दोन इंजिनांच्या ओव्हरहॉलचा खर्च खरेदीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज जाऊ शकतो. भागीदारांनी म्हणूनच पहिल्या दिवसापासून दर उड्डाण-तासामागे ठरावीक रक्कम स्वतंत्र खात्यात टाकावी आणि त्या खात्याला कोणत्याही कारणासाठी हात लावू नये. बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालून टर्बाइनची पाती पाहिल्याशिवाय इंजिनाविषयी कोणतेही आश्वासन मानू नये. समुद्रकिनारी वर्षानुवर्षे राहिलेल्या विमानात पात्यांच्या मुळाशी करडट, उंचसखल थर दिसतो. त्याला सल्फिडेशन म्हणतात. खारी हवा आणि इंधनातील गंधक यांनी मिळून धातू खाल्लेला असतो आणि धुऊन तो परत येत नाही. कोरड्या प्रदेशात राहिलेले विमान दोन पैसे जास्त देऊन घ्यावे, असे मी का म्हणतो, ते हा थर एकदा डोळ्यांनी पाहिला की कळते.

कमी उडालेले विमान चांगले, हा आणखी एक समज आपल्याकडे घट्ट आहे. मोटारीच्या बाजारात तो चालत असेल. येथे तो महागात पडतो. बी-200 ची ठरीव तपासणी दर 200 तासांनी एक अशा चार टप्प्यांची आहे, पण विमान मुळीच उडाले नाही तरी चारही टप्पे 24 महिन्यांत पूर्ण करावे लागतात. लँडिंग गिअर आणि प्रोपेलर यांना तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते, ती साधारण सहा वर्षांची. पंख मधल्या भागाला प्रत्येक बाजूस चार बोल्टांनी जोडलेला असतो. ते बोल्ट दर पाच वर्षांनी बाहेर काढून भिंगाखाली व चुंबकीय किंवा रंगद्रव्याच्या चाचणीने तपासायचे आणि पंधरा वर्षांनी बदलायचे असतात. मी असा एक खालचा बोल्ट हातात घेतलेला आहे. मनगटाएवढ्या जागेत बसणाऱ्या त्या तुकड्यावर आटे संपतात तेथे गंजाची सुईच्या टोकाएवढी दोन टिंबे होती, आणि तेवढ्यावरून तो बाद झाला. उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाचे पंखांच्या पुढच्या कडेवरचे, साचलेला बर्फ झाडणारे रबरी बूट चिरतात, टायर एका जागी चपटे होतात, इंधनाच्या रबरी पिशव्या आक्रसून गळू लागतात. वहीत शेवटची दोन वर्षे वर्षाकाठी वीस-तीस तासांचेच उड्डाण दिसत असेल, तर स्वस्ताईचे कारण तेथेच शोधावे.

28 जून 2018 रोजी मुंबईत घाटकोपर येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात जुने किंग एअर सी-90 कोसळले, ते वाचकांना आठवत असेल. एकेकाळी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे असलेले ते विमान पूर्वी अपघातग्रस्त होऊन दीर्घकाळ जमिनीवर होते. ते विकले गेले, दुरुस्त झाले आणि पावसाळ्यातल्या त्या दुपारी जुहूहून चाचणी-उड्डाणासाठी निघाले होते. दोन वैमानिक, एक देखभाल अभियंता आणि एक तंत्रज्ञ असे विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी दगावला. त्या चौघांपैकी दोघे माझ्याच पेशाचे होते. आपण दुरुस्त केलेल्या विमानात बसण्याची तयारी ही आमच्या कामाची जुनी रीत आहे आणि तिचा मला अभिमान आहे; परंतु वर्षानुवर्षे बंद राहिलेले विमान पुन्हा उडते करण्याची जोखीम किती असते, हे त्या दिवशी देशाने पाहिले. अपघाताचा इतिहास असलेले, किंवा बराच काळ जमिनीवर राहिलेले विमान मराठवाड्यातील कोणीही, कितीही कमी किमतीत मिळाले तरी, घेऊ नये. या एका मुद्द्यावर मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

तपासणी कोणी करायची, हाही वादाचा विषय होतो. खरेदीपूर्व तपासणी विक्रेत्याच्या नेहमीच्या कार्यशाळेत होऊ नये आणि दलालाने सुचवलेल्या माणसाने करू नये. खरेदीदाराने स्वतः पैसे मोजून, त्याच बनावटीच्या विमानांवर काम करणारी तिसरीच मान्यताप्राप्त कार्यशाळा निवडावी. करारात असे स्पष्ट लिहावे की, उड्डाणयोग्यतेला बाधा आणणारे जे दोष निघतील ते विक्रेत्याने आपल्या खर्चाने दूर करावेत, अन्यथा विसार परत करावा. यात दोन-तीन आठवडे आणि काही लाख रुपये जातात. दलाल घाई करील, दुसरा गिऱ्हाईक उभा आहे असे सांगेल. उभा असेल तर त्याला घेऊ द्यावे.

मालकी हक्काचा शोध जमिनीच्या व्यवहाराइतकाच काळजीपूर्वक घ्यावा. आपल्याकडे सातबारा पाहिल्याशिवाय कोणी गुंठाभर जमीन घेत नाही, पण विमानावर कोणा बँकेचा बोजा आहे का, हे पाहायचे लक्षात राहत नाही. केपटाउन करारानुसार विमानांवरील अशा हितसंबंधांची आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते आणि तिच्यात विमानाच्या अनुक्रमांकावरून शोध घेता येतो. भारत 2008 पासून या कराराचा सदस्य आहे आणि 2025 मध्ये संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. परदेशातून आणायच्या जुन्या विमानाच्या वयावर विमान वाहतूक महासंचालनालयाची मर्यादा असते, आणि विमान निवडण्यापूर्वी ती त्या दिवशीच्या नियमावलीतून वाचून घ्यावी. निर्यात करणाऱ्या देशाचे उड्डाणयोग्यतेचे निर्यात प्रमाणपत्र, तेथील नोंदणी रद्द झाल्याचा दाखला आणि मग आपल्याकडील व्हीटी अक्षरांची नोंदणी, हा क्रम चुकला तर विमान महिनोन्महिने परक्या विमानतळावर भाडे भरत उभे राहते. यावर अधिक लिहीत नाही. ही कामे जाणकार वकिलाकडे सोपवावीत.

कराविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथेच मोह होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक वापराच्या विमानांवर वस्तू व सेवा कर 40 टक्के झाला आहे, तर वैयक्तिक वापराखेरीजच्या विमानांवर तो 5 टक्के आहे. फरक एवढा मोठा असल्याने, चार्टर, म्हणजे भाड्याने विमान देण्याच्या सेवेचा परवाना काढावा, विमान त्या नावावर आणावे आणि प्रत्यक्षात फक्त भागीदारांनीच वापरावे, असा सल्ला कोणी ना कोणी देईल. तो मानू नये. चार्टर परवान्यावर सवलतीत आणलेली विमाने खासगीत वापरली म्हणून सीमाशुल्क खात्याने पूर्वी कंपन्यांकडे करमागण्या काढल्या आहेत आणि ती प्रकरणे लवादांपर्यंत वर्षानुवर्षे चालली आहेत. उलट बाजूलाही खड्डा आहे. विमान खासगी वर्गात नोंदवले तर त्यातून भाड्याने कोणाला नेता येत नाही. आज पाच उद्योजक मिळून विमान घेतात, उद्या सहाव्या मित्राला नेतात आणि त्याच्याकडून इंधनाचे पैसे घेतात. असा साधा वाटणारा व्यवहारही विनापरवाना चार्टर ठरू शकतो, आणि त्या उड्डाणात काही घडले तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून भागीदारीची कंपनी कशी असावी, प्रत्येकाने तासाचे पैसे कशाच्या नावाखाली द्यावेत आणि विमान कोणत्या वर्गात नोंदवावे, यावर विमान कायदा जाणणाऱ्या वकिलाचे लेखी मत आधी घ्यावे. माझे स्वतःचे मत असे आहे की, पाच-सहा जणांनी मिळून विमान घेणार असाल, तर खरोखरच चार्टर कंपनी काढावी, तिचा उड्डाण व्यवस्थापक, सुरक्षा व्यवस्थापक आणि देखभाल व्यवस्थापक पूर्ण वेळ नेमावेत आणि मोकळ्या दिवसांत विमान इतरांनाही द्यावे. रुग्ण तातडीने हलवण्यासाठी लातूर-नांदेडहून अशा विमानाची गरज भासतेच. विमान जितके नियमित उडेल तितके ते निरोगी राहील आणि तासामागचा स्थिर खर्चही घटेल. वर्षाला दीडशे-दोनशे तासांचे पक्के काम दिसत नसेल, तर सरळ गरजेपुरते विमान भाड्याने घेणे हेच शहाणपणाचे आहे.

विमान कोठे राहणार, हा प्रश्न बैठकांत कोणी विचारत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मराठवाड्याच्या उन्हात आणि धुळीत विमान उघड्यावर ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे होय. हँगर हवा, आणि तो विमान येण्याआधी हवा. इंजिनाचा कॉम्प्रेसर वेळच्या वेळी धुण्याची सोय, जमिनीवरून वीज देणारे संयंत्र, नायट्रोजनची टाकी आणि त्या बनावटीच्या विमानाची अधिकृत मंजुरी असलेला एक तरी अभियंता येथे कायम हवा. मोठ्या तपासण्यांसाठी विमान मुंबई, हैदराबाद किंवा दिल्लीला न्यावे लागेल, हे गृहीत धरून त्या दिवसांचा खर्च आधीच मांडावा. येथे एक मागणी मी मुद्दाम करतो. शेंद्रा आणि बिडकीनच्या औद्योगिक वसाहतींची जाहिरात करताना आपण देशोदेशीच्या कंपन्यांना बोलावतो. त्याच जोमाने चिकलठाणा विमानतळाला लागून लहान विमानांच्या देखभालीची एक मान्यताप्राप्त कार्यशाळा उभी राहावी, यासाठी उद्योजकांच्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी प्रयत्न करावेत. आपल्या भागातील मुले विमान देखभाल अभियांत्रिकी शिकून मुंबई-बंगळुरूला जातात आणि परत येत नाहीत, कारण येथे त्यांना हात लावायला विमानच नसते. ही कार्यशाळा झाली तर एकाच काय, चार विमानांची सोय होईल.

शेवटचा विषय वैमानिकांचा आणि मालकांच्या दबावाचा. किंग एअर एकट्या वैमानिकाने उडवता येईल असे अमेरिकेतील प्रमाणपत्र सांगत असले, तरी येथे दोन वैमानिक असावेत, दोघांचीही त्याच विमानावरची नोंद परवान्यात असावी आणि इंजिन बंद पडण्याचा सराव त्यांनी ठरावीक मुदतीने सिम्युलेटरवर करावा. 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे यांना घेऊन कानपूरकडे निघालेले किंग एअर सी-90 मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले आणि आठही जण गेले. 22 डिसेंबर 2015 रोजी सीमा सुरक्षा दलाचे बी-200 दिल्लीहून उडताच द्वारकेजवळ पडले आणि दहा जणांचा अंत झाला. दोन्ही विमाने याच घराण्यातली, दोन्ही चांगल्या बनावटीची. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यावर उभे राहणारे वादळी ढग पस्तीस हजार फुटांच्याही वर जातात. बी-200 ची कमाल उंचीच तेवढी असल्याने त्यांच्यावरून जाता येत नाही, त्यांना वळसा घालावा लागतो किंवा परत फिरावे लागते. तो निर्णय फक्त वैमानिकाचा असला पाहिजे. माझी भागीदारांना विनंती आहे की, कंपनीच्या करारातच असे कलम घालावे की, हवामान किंवा तांत्रिक कारणावरून वैमानिकाने किंवा अभियंत्याने उड्डाण नाकारले, तर त्याला दुसऱ्यांदा विचारले जाणार नाही, कोणत्याही भागीदाराचा फोन थेट त्याला जाणार नाही आणि त्याच्या पगारावर वा नोकरीवर त्याचा परिणाम होणार नाही. अशा दिवशी बैठक पुढे ढकलण्याची ज्याची तयारी नाही, त्याची सही त्या करारावर घेऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता,
छत्रपती संभाजीनगर